घरातल्या कुत्र्यांचे आजार: लवकर कसे ओळखायचे, कसे टाळायचे

करवंद (पुणे)

जून लागला की आमच्या भागातल्या श्वानप्रेमींच्या ग्रुपवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "कालपासून जेवत नाहीये, नुसता पडून आहे, काय करू?" कुणी दहीभात द्या म्हणतं, कुणी तापाची आपलीच गोळी अर्धी करून द्यायला सांगतं, कुणी म्हणतं हवा बदललीय, होईल बरा. दोन दिवसांनी तोच माणूस "प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्यात, रक्त द्यायला कुणाचा मोठा कुत्रा आहे का?" असा मेसेज टाकतो. वाचून जीव तुटतो, कारण मधले दोन दिवस हातात होते.

म्हणून हा धागा काढतेय. आपापले अनुभव, लक्षणं, काय काळजी घेता ते सगळं इथे लिहा. औषधांचे डोस मात्र कृपया कुणी लिहू नका. ते वजन आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच ठरवायचे असतात.

माझ्याकडे दोन इंडी (आपली देशी कुत्री) आहेत, आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं लसीकरण नि औषधपाणी आम्ही काही जण मिळून बघतो. इतकी वर्षं बघून माझं एक मत पक्कं झालंय: आपला कुत्रा बरा असताना कसा असतो हे ज्याला नीट माहीत आहे, त्याला आजार एक दिवस आधी कळतो. टिक फीव्हर (गोचिडीमुळे येणारा ताप) किंवा पार्व्हो (पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा विषाणू) असेल तर त्या एका दिवसाने फार फरक पडतो.

बरा असताना काय बघून ठेवायचं? सर्वात आधी हिरड्या. वरचा ओठ हळूच उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी. तिच्यावर बोट दाबून सोडलं की पांढरा ठिपका उमटतो, तो दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांचा खालच्या पापणीचा आतला भाग बघायचा. मग ताप. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला हात लावून गरम लागलं तरी तो ताप असेलच असं नाही. नाक कोरडं म्हणजे आजारी हेही खरं नाही. झोपून उठल्यावर धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. साधा डिजिटल थर्मामीटर फक्त त्याच्यासाठी वेगळा ठेवा, टोकाला थोडं व्हॅसलीन लावून शेपटीखालून ताप बघायचा. तिसरी गोष्ट झोपेतला श्वास. गाढ झोपेत असताना छाती एका मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजा. साधारण तीसच्या आत हवी. वयस्कर कुत्र्यात हा आकडा रोज वाढत गेला तर हृदयाची तपासणी करून घ्यायला हवी.

आता टिक फीव्हर. आपल्याकडे घरोघरी जाणारा आजार हाच. तपकिरी गोचीड चावली की तिच्यातून एर्लिकिया, बबेसिया असे जंतू रक्तात जातात. चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांत ताप, सुस्ती, खाण्यावरून मन उडणं सुरू होतं. प्लेटलेट्स घसरल्या की पोटाच्या केस नसलेल्या भागावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात, कधी नाकातून रक्त येतं. बबेसिया तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे हिरड्या पांढऱ्याफटक पडतात आणि शू चहाच्या किंवा कॉफीच्या रंगाची होते. कुत्र्याच्या प्लेटलेट्स साधारण दोन ते पाच लाख असायला हव्यात. जेवण सोडलंय, ताप आहे आणि अंगावर कधी गोचीड सापडली होती, एवढं जुळलं तरी त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ब्लड स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करून घ्या. उद्यावर ढकलू नका.

सह्यपाऊस (रत्नागिरी)

चांगला धागा. एक विचारायचं होतं. गोचीड अंगावर दिसली तर काढताना काय करायचं? आमच्याकडे रॉकेलचा बोळा लावतात, कुणी काडीने चटका देतात.

करवंद (पुणे)

दोन्ही नको. चटका बसला किंवा रॉकेल लागलं की गोचीड पोटातलं परत कुत्र्याच्या अंगात सोडू शकते, शिवाय कातडी भाजते ती वेगळीच. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी टेकवून गोचिडीचं तोंड पकडा आणि सरळ वर ओढा, पिळू नका. काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही. स्पिरिटच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायची.

बघायच्या जागा: कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, काखेत, पट्ट्याखाली. पट्टा काढून बघणं बरेच जण विसरतात.

खुरपावलं (सातारा)

करवंदताईंनी सुरुवात छान केलीय. मी पशुवैद्य आहे, शिरवळच्या कॉलेजला शिकले, आता सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. थोडी भर घालते.

गोचिडीचा खरा अड्डा तुमच्या घरात असतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते, भिंतीच्या फटीत, फरशीच्या कडेला, पलंगाच्या सांध्यात जाऊन हजारो अंडी घालते. पिल्लं बाहेर पडली की कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, उतरतात, कात टाकतात, परत चढतात. ही तपकिरी गोचीड भिंतीवर वर चढत जाते, म्हणून पडद्याच्या मागे, चौकटीच्या वर बघा. मोठी गोचीड काही न खाता महिनोन्महिने जगते. त्यामुळे नुसत्या कुत्र्याला औषध लावून दोन महिन्यांनी "परत कशा आल्या?" असं लोक विचारतात. फटी बुजवा, त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, अड्डा मोठा असेल तर पेस्ट कंट्रोल करा. फवारणीच्या दिवशी कुत्र्याला दुसरीकडे ठेवा.

कुत्र्यासाठी आता महिन्याला एक किंवा तीन महिन्यांनी एक अशी चघळायची गोळी मिळते, मानेवर लावायचे थेंब मिळतात, पट्टे मिळतात. गोळी गोचिडीला दूर ठेवत नाही, ती चावल्यावर मरते. म्हणून गोळी चालू असतानाही एखादी मेलेली किंवा मरायला टेकलेली गोचीड अंगावर दिसेल, त्याने घाबरू नका. तुमच्या कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाण्यात मिसळून अंगाला लावायचं औषध वापरणार असाल तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा थेंबभरही जास्त नको आणि सुकेपर्यंत चाटू देऊ नका, ते विष आहे.

उपचारात लोक दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे औषध मधेच बंद करतात. एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावी लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागतो आणि गोळी बंद होते. जंतू अंगात राहतात, काही महिन्यांनी आजार पुन्हा डोकं वर काढतो, आणि तेव्हा तो अस्थिमज्जेपर्यंत गेलेला असू शकतो. दुसरं, ही गोळी उपाशीपोटी किंवा दुधातून देतात. खाणं झाल्यावर द्या, वरून पाणी पाजा, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. आणि दुधाने तिचा असर कमी होतो. बबेसिया असेल तर एकट्या डॉक्सीने भागत नाही, त्याची औषधं निराळी आहेत. म्हणूनच अंदाजाने गोळ्या सुरू करण्यापेक्षा आधी रक्त तपासा.

एक आणखी. टिक फीव्हर एकदा होऊन गेला की परत होत नाही, हा गैरसमज आहे. पुन्हा पुन्हा होतो, आणि त्यावर आपल्याकडे लस नाही.

शेतावरचा (बारामती)

नमस्कार डॉक्टर. आम्ही भाकरीत लसूण घालून देतो, त्याने गोचीड धरत नाही असं जुने लोक सांगतात. हे बरोबर आहे का?

खुरपावलं (सातारा)

दादा, लसूण बंद करा. लसूण आणि कांदा, कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. थोडा थोडा रोज दिला तरी साठत जाऊन रक्त कमी होतं, आणि वरून बबेसिया झाला तर दुहेरी मार. कांद्याची भाजी, आमटीचा रस्सा भाकरीवर ओततात तेही नको. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याला चालत नाहीत. तुमच्याकडे द्राक्षबागा असतील तर हे जास्त लक्षात ठेवा, द्राक्षाने काही कुत्र्यांची किडनी एकाएकी बंद पडते. माणसाची दुखण्याची गोळी, आयब्युप्रोफेन वगैरे, कधीही देऊ नका. प्लेटलेट्स आधीच कमी असतील तर पोटात रक्तस्राव होतो.

चिकूची_आई (ठाणे)

माफ करा, मधेच विचारतेय. आमचं पिल्लू लॅब्रॅडोर आहे, दोन महिन्यांचं. चार दिवसांपूर्वी घरी आणलं. सकाळपासून पिवळी फेसाळ उलटी करतंय, आता रात्री पातळ शी झाली, तिच्यात लाल आहे आणि फार घाण वास आहे. पाणी प्यायलं तरी बाहेर. ब्रीडर म्हणाला होता एक इंजेक्शन दिलंय. सकाळपर्यंत थांबू का? पाण्यात ग्लुकोज घालून देऊ का?

खुरपावलं (सातारा)

थांबू नका. आत्ता निघा. रात्री चालू असलेला प्राण्यांचा दवाखाना फोन करून शोधा आणि फोनवरच "पार्व्होची शंका आहे" असं सांगा, म्हणजे ते तुम्हाला इतर पिल्लांपासून वेगळं बसवतील. तोंडाने काही देऊ नका, ग्लुकोज नको, पाणी नको, जुलाब थांबवायची माणसाची गोळी तर अजिबात नको. टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या. शीचा नमुना डबीत घ्या, दवाखान्यात थोड्या वेळात किटवर तपासता येतो.

करवंद (पुणे)

चिकूची आई, ठाण्यात असाल तर तिकडच्या ग्रुपवर मी लगेच विचारते. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा.

चिकूची_आई (ठाणे)

निघालो. एक जागा मिळाली.

माड (फोंडा, गोवा)

चिकूसाठी प्रार्थना. कळवत राहा.

संत्रानगरी (नागपूर)

लेकरू बरं होवो.

मी विदर्भातली गोष्ट लिहितो, कारण पुण्या-मुंबईकडे तिचा अंदाज येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. पग, बुलडॉग, शित्झू यांची नाकं चपटी, त्यांना धापही नीट टाकता येत नाही. हस्की, सेंट बर्नार्ड इथे पाळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एसी चोवीस तास चालवायची तयारी नसेल तर हा हट्ट करू नका.

उष्माघाताची लक्षणं: जीभ गडद लाल, दाट चिकट लाळ, डोळे तारवटलेले, चालताना झोक जाणे, मग उलटी, आणि मग कोसळणे. अशा वेळी सावलीत न्या, अंगावर नळाचं साधं पाणी भरपूर ओता, विशेषतः पोट, काखा, पंजे. पंखा लावा. बर्फाचं पाणी नको. ओला टॉवेल अंगावर टाकून तसाच ठेवू नका, थोड्या वेळात तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. गाडीत बसवा, काचा उघड्या ठेवा, दवाखाना गाठा. ताप १०३ पर्यंत उतरला की पाणी ओतणं थांबवायचं, नाहीतर अंग जास्तच थंड पडतं. कुत्रा उठून उभा राहिला तरी दवाखाना टाळू नका, किडनी आणि रक्त गोठण्याचा बिघाड नंतर उघड होतो.

फिरायला न्यायच्या आधी आपल्या हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. आमच्याकडे एप्रिल ते जून सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतरच फिरवणं बरं.

अबोली (कोल्हापूर)

माद्यांच्या आजाराबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. हा विषय घरात बोलायला लोक संकोचतात आणि त्यात कुत्रीचा जीव जातो.

नसबंदी न केलेल्या मादीला माज येऊन गेल्यावर साधारण दोन महिन्यांच्या आत गर्भाशयात पू होऊ शकतो. याला पायोमेट्रा म्हणतात. वय वाढेल तसा धोका वाढतो, पण तरुण मादीलाही होतो. आमच्या शेजारच्या जर्मन शेफर्ड कुत्रीच्या बाबतीत सुरुवातीला एकच फरक दिसला: पाण्याचं भांडं दिवसातून तीन-तीनदा रिकामं व्हायला लागलं, आणि जी कधी घरात शू करत नव्हती ती रात्री दाराशी करायला लागली. घरच्यांना वाटलं उन्हाळा आहे. खाणं कमी झालं, पोट फुगलं, मग उलट्या. बाहेर स्राव काहीच नव्हता, कारण गर्भाशयाचं तोंड बंद होतं. हा बंद प्रकार जास्त वाईट, आतच फुटू शकतो. सोनोग्राफीत दिसलं, त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं आणि वाचली.

तेव्हा माज कधी आला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढचे दोन महिने तहान, शू, भूक यांच्यावर नजर ठेवा. पिल्लं घ्यायची नसतील तर नसबंदी करून टाका. "एकदा तरी आई होऊ दे" हा विचार प्रेमाचा आहे हे कळतं, पण वैद्यकीयदृष्ट्या त्याचा तिला काही फायदा नाही. लहान वयात नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही पुष्कळ कमी होतो. किती वयात करायची ते जातीप्रमाणे डॉक्टर सांगतील.

चिकूची_आई (ठाणे)

टेस्ट पॉझिटिव्ह आली. पार्व्होच. पांढऱ्या पेशी खूप कमी आहेत. सलाईन चालू आहे, उलटीचं इंजेक्शन दिलंय. डॉक्टर म्हणाले पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे. तुम्ही रात्री निघा म्हणालात म्हणून निघालो, फार फार आभार.

लस दिली होती तरी कसं झालं, हे कळत नाही.

खुरपावलं (सातारा)

वेळेत पोचलात, हे फार महत्त्वाचं. उपचार मिळाले तर बरीच पिल्लं वाचतात, न मिळाले तर बहुतेक दगावतात.

लसीचं सांगते, कारण हा प्रश्न सगळ्यांचाच असतो. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून प्रतिपिंडं मिळतात. ती काही आठवडे त्याला सांभाळतात, पण त्याच वेळी आपण दिलेली लसही निकामी करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यायची, आणि मग वर्षाने बूस्टर. एका इंजेक्शनवर पिल्लू सुरक्षित झालं असं धरता येत नाही. शिवाय चिकूला लागण बहुधा तुमच्या घरी यायच्या आधीच झाली असणार, लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस लागतात.

४५ दिवसांची पिल्लं विकायची आपल्याकडे पद्धतच पडलीय. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. घेताना लसीचं कार्ड मागा. त्यावर लसीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. "इंजेक्शन दिलंय" ते जंताचं औषधही असू शकतं.

आता घराचं. हा विषाणू घरात महिनोन्महिने जगतो, साध्या फिनाईलने मरत नाही. आधी साबणाने घाण पूर्ण धुवा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं मिसळून दहा मिनिटं फरशीवर राहू द्या. भांडी, पट्टा, पायपुसणी, चपलांचे तळवे, सगळं. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. माणसांना हा पार्व्हो होत नाही, पण आपल्या चपलांवरून तो दुसऱ्या पिल्लापर्यंत जातो. इमारतीत कुणाकडे लस पूर्ण न झालेलं पिल्लू असेल तर त्यांना आजच सांगा.

सह्यपाऊस (रत्नागिरी)

कोकणातली भर घालतो. आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोची भीती. उंदराच्या मुतातून जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात येतात. कुत्रा ते पाणी पितो, नाहीतर पायाच्या जखमेतून जंतू शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये याची साथ आली होती ते अनेकांना आठवत असेल. कुत्र्याला ताप, उलट्या, मागचे पाय आखडणं, मग डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पिवळ्या, शू गडद किंवा बंद. यकृत आणि किडनी दोन्ही धरतो.

आणि तो कुत्र्याच्या शूमधून माणसाला होतो. घरात लहान मुलं असतील तर जास्त जपायला हवं. शू साफ करताना हातमोजे घाला, जंतुनाशक वापरा. आम्ही मेमध्येच लस उरकून घेतो, म्हणजे जूनच्या आधी ताकद येते. डॉक्टर, दरवर्षी द्यावी लागते ना?

खुरपावलं (सातारा)

हो, पहिल्या वेळी दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी. लेप्टोच्या जाती अनेक आहेत आणि लस त्यातल्या काहींवरच चालते, म्हणून तुमच्या भागात कुठली लस योग्य ते स्थानिक डॉक्टरांना विचारा. आणि लस दिली तरी धान्याचं, कुत्र्याच्या खाण्याचं पिंप झाकून ठेवा. रात्रभर भांड्यात उरलेलं खाणं म्हणजे उंदरांना आमंत्रण.

शेतावरचा (बारामती)

आमच्या वस्तीवर कुत्र्यांना खरूज झाली की जळकं ऑइल लावतात. गाडीचं काळं. आणि जखमेत किडे पडले की फिनाईल ओततात. मला ते बघवत नाही पण दुसरा उपाय माहीत नव्हता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कुत्रा नेला तर बघतात का?

खुरपावलं (सातारा)

बघतात दादा, जरूर न्या. गाई-म्हशींइतकाच कुत्राही तिथला रुग्ण आहे.

जळकं ऑइल कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातं, यकृत-किडनी खराब करतं. अंगभर ऑइल थापलेली कुत्री माझ्याकडे उन्हाने होरपळून आलेली आहेत. खरजेचे दोन प्रकार आहेत. एक फार खाजते, कानाच्या कडा, कोपर, पोट इथून सुरू होते आणि दुसऱ्या कुत्र्याला, थोडी माणसालाही लागते. दुसरी बहुतेक पिल्लांना होते, डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस जातात, खाज कमी, आणि ती लागत नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की कुठली ते कळतं. दोन्ही बऱ्या होतात. मात्र कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन जीवघेणं ठरू शकतं, गुरांचं उरलेलं इंजेक्शन कुणालाही टोचू नका.

किड्यांचं असं की ओल्या जखमेवर माशी अंडी घालते, दिवसाभरात अळ्या होतात आणि त्या आत पोखरत जातात. कानामागे, शेपटीच्या बुडाशी, पट्ट्याखाली रोज बघा. कुत्रा एकाच जागी सारखा चाटतोय, कुजका वास येतोय, मान एका बाजूला झटकतोय, की केस बाजूला करून बघा. जखमेचं तोंड लहान आणि आतला खड्डा मोठा असतो. फिनाईल ओतलं तर जिवंत मांस जळतं. दवाखान्यात अळ्या चिमट्याने काढतात, जखम धुतात आणि इंजेक्शन देतात. तोपर्यंत जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारा जखमेवरचा स्प्रे मारून माशा बसू देऊ नका.

वस्ती जंगलालगत असेल तर डिस्टेंपरची लसही चुकवू नका. डोळ्यांना-नाकाला घट्ट चिपडं, खोकला, आणि मग आठवड्यांनी डोक्याचे किंवा पायाचे झटके, असा हा आजार. त्यावर थेट औषध नाही. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये मृत्यू झाले तेव्हा हाच विषाणू सापडला होता.

माड (फोंडा, गोवा)

रेबीजवर कुणीच लिहिलं नाही. आमच्या गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार मिळून दरवर्षी घरचे-रस्त्यावरचे कुत्रे मोठ्या संख्येने टोचतात. जाळी घेऊन माणसं वाड्यावाड्यांत फिरतात, टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण करतात, शाळांत जाऊन मुलांना शिकवतात. याचा परिणाम डोळ्यांनी बघितलाय, म्हणून सांगतो, हा आजार आटोक्यात येऊ शकतो. पण प्रत्येकाने आपला कुत्रा टोचला तरच.

"आमचा घराबाहेर जातच नाही" म्हणून लस टाळू नका. तीन महिन्यांचा झाला की पहिली, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, आणि पुढे दरवर्षी. एक धोक्याची गोष्ट: रेबीज झालेल्या कुत्र्याचा जबडा कधी कधी लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. माणसाला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि तो तोंडात हात घालतो. असं कधीही करू नका. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

दूरदेशी (न्यू जर्सी)

इथे गोचीड वेगळी, हरणांवरची, आणि आजार लाइम. त्याला कनेक्टिकटमधल्या लाइम गावाचं नाव मिळालंय. कुत्र्यासाठी लस आहे. पानगळीतही गोचिडी असतात, म्हणून औषध बारा महिने. वर्षातून एकदा थोड्याशा रक्तावर हार्टवर्म (हृदयातले जंत), लाइम, एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा (गोचिडीतून येणारा आणखी एक जंतू) चारही एकदम तपासतात. भारतातून कुत्रा घेऊन येणाऱ्यांनी निघण्याआधी एर्लिकियाची तपासणी करून घ्यावी, कारण इथल्या काही डॉक्टरांना तो फार क्वचित दिसतो आणि निदानाला वेळ जातो. कागदपत्रं आणि रेबीजचे नियमही निघण्याच्या बरेच आधी तपासा, ते बदलत असतात.

चिकूची_आई (ठाणे)

सगळ्यांना सांगायला आलेय. चिकू घरी आला! कालपासून उलटी नाही, आज डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ खाणं चाटून पुसून खाल्लं. खूप वाळलाय, बरगड्या मोजता येतात, पण बेल वाजली की भुंकायला लागलाय. खालच्या मजल्यावर एक छोटं पिल्लू आहे, त्यांना त्याच दिवशी कळवलं होतं, त्यांनी लस पूर्ण करून घेतली.

आता चिकूची पुढची लस कधी? आणि जंताचं औषध?

खुरपावलं (सातारा)

वा! फार छान बातमी.

अंगात ताकद आली की, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, तुमचे डॉक्टर तपासून बाकीच्या लसी सुरू करतील. पार्व्होपासून आता त्याला संरक्षण असेल, पण डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज बाकीच आहेत. जंताचं औषध पिल्लांना एरवी दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांपर्यंत, आणि मोठेपणी दर तीन महिन्यांनी देतात. आतडी अजून हळवी आहेत, तेव्हा चिकूचं वेळापत्रक त्यांनाच ठरवू द्या. काही आठवडे त्याच्या शीमधून विषाणू बाहेर पडू शकतो, म्हणून खाली बागेत नको, शी पिशवीत बांधून टाका, आणि ब्लीचने फरशी पुसणं चालू ठेवा.

संत्रानगरी (नागपूर)

चिकूला खूप आशीर्वाद.

डॉक्टर, एक शेवटचं. घरात कुत्र्यासोबत मांजरही आहे. कुत्र्याचे मानेवर लावायचे गोचिडीचे थेंब मांजराला थोडे लावले तर चालतील का?

खुरपावलं (सातारा)

अजिबात नाही. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे, थरथर सुटते, झटके येतात आणि जीव जातो. कुत्र्याला लावल्यावरही ते पूर्ण सुकेपर्यंत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा, मांजर त्याचं अंग चाटतं. दुकानात पाकिटावरचे घटक वाचा, मांजराचं औषध मांजराच्या नावाचंच घ्या. आणि लावल्यानंतर मांजर थरथरताना दिसलं, तर साध्या भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात आंघोळ घालून, पुसून लगेच दवाखान्यात आणा, पाकीट सोबत घेऊन.